हरकतीला हरकत

नाट्यसंगीताच्या मैफलीत गायकापेक्षा जास्त दमतात ते तिसऱ्या रांगेतले नाना. मुखडा होऊन गायक समेवर येईपर्यंत ते डोळे मिटून असतात. अंतऱ्यात त्या पोरानं एखादी जागा वेगळी घेतली, की डोळे उघडतात, मान शेजाऱ्याकडे वळते आणि निकाल लागतो : "मूळ चालीत हे नाही." मध्यंतरात वड्याच्या रांगेत निकालपत्राचं सविस्तर वाचन होतं. त्याचा शेवट ठरलेला. "आज ते असते ना, तर..." असते तर काय, हे नाना कधी सांगत नाहीत. मात्र यच्चयावत दिवंगत संगीतकारांचं वकीलपत्र नानांकडेच आहे आणि अशिलांपैकी कोणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

परवा म्हणाले, "अरे, याला काहीतरी कायदा हवा."

म्हटलं, नाना, आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा. संगीतकार गेल्यावर साठ वर्षं त्याच्या चालीवर हक्क राहतो. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनं अशी सोय केलीय, की मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं उलटली की रीतसर नोटीस देऊन आणि आगाऊ रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्याला नव्यानं मुद्रित करता येतं. पण फेरफार करायचा नाही. केलाच, तर तो हक्काच्या मालकाच्या संमतीनं पूर्वी झालेला असावा, नाहीतर मुद्रणासाठी तांत्रिकदृष्ट्या आवश्यक असावा.

हे ऐकून नानांचा चेहरा उजळला. मला मात्र स्टुडिओतलं दृश्य दिसायला लागलं. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट विचारतोय, "बुवा, आत्ताची ती मुरकी तांत्रिकदृष्ट्या आवश्यक होती का?" बुवा म्हणताहेत, "नाही हो, सहज आली." "मग पुन्हा घेऊ." आणि मालकाची संमती काढायची, तर मालक बहुतेक वेळा कंपनी. कोमल गंधार जरा जास्त रेंगाळला तर चालेल का, हे कंपनीच्या लीगल खात्याला मेल करून विचारायचं आणि उत्तराची वाट बघत षड्जावर उभं राहायचं.

बरं, नानांना जी दुखणी आहेत ती बहुतेक या कायद्याच्या कक्षेबाहेरची. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांच्या चाली कायद्यानं केव्हाच मोकळ्या झाल्या. नानांनी अजून सोडलेल्या नाहीत.

आता मूळ चालीचंच बघा. जुन्या संगीत नाटकाची छापील प्रत उघडा. पिवळी पडलेली पानं, कोपरे जपून उलटायचे. पदाच्या डोक्यावर बारीक टायपात राग असतो, ताल असतो आणि पुढे 'चाल' असं लिहून भलत्याच कुठल्यातरी गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द असतात. कधी हिंदी ठुमरी, कधी कानडी पद. म्हणजे ज्या चालीला धक्का लागला म्हणून नानांचा वडा थंड होतो, ती कुठून उचलली ते नाटककंपनीनं स्वतःच छापून ठेवलंय. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणलं तेव्हा साकी, दिंडी, कीर्तनाच्या चाली, कर्नाटकाकडच्या चाली, जे कानाशी होतं ते सगळं कण्वमुनींच्या आश्रमात आणून सोडलं. १९११ मध्ये गोविंदराव टेंबे यांनी 'मानापमाना'त पूरबेकडच्या ठुमरी-दादऱ्याला शालू नेसवला. १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवांनी घराण्यातल्या बंदिशी थेट रुक्मिणीच्या तोंडी घातल्या. त्या बंदिशी बांधणारे बुजुर्ग तेव्हा कधीच गेलेले. त्यांच्या वतीनं कोण्या नानानं थिएटरात हात वर केला असता, तर मराठी नाट्यसंगीत नांदीतच आटोपलं असतं.

आणि नानांच्या कानातलं मूळ म्हणजे काय, तर तबकडी. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. रंगमंचावर बालगंधर्व वन्समोअरमागून वन्समोअर घेत, नाटक पहाटेपर्यंत चाले आणि दर वन्समोअरला तेच पद वेगळं होऊन येई. त्यातली साडेतीन मिनिटं मेणात उतरली आणि तेवढीच वेदवाक्य झाली. बाकीची रात्र बेकायदा ठरवायची का?

टेंबे हयात असतानाच 'मानापमाना'तली पदं दीनानाथ मंगेशकरांनी आपल्या आक्रमक, पंजाबी वळणाच्या गायकीत ओढून घेतली. आज कोणी दीनानाथांच्या त्या ढंगात फरक केला, तर नाना म्हणतात मूळ बिघडवलं. पुढे १९६४ च्या 'मत्स्यगंधे'त जितेंद्र अभिषेकींनी पदं आखूड केली. तेव्हाच्या नानांनी नाकं मुरडली असणारच. आताचे नाना अभिषेकींचं नाव निघालं की कानाला हात लावतात. २०१५ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' या नाटकाचा चित्रपट आला, अभिषेकीबुवांच्या पदांशेजारी शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी घेऊन. नाना दोनदा बघून आले. दुसऱ्यांदा गेले ते काय काय चुकलंय ते टिपून घ्यायला.

नानांच्या स्वप्नातली व्यवस्था बंगालनं करून पाहिली आहे. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले. त्यांची गाणी मुद्रित करायची तर विश्वभारतीच्या संगीत मंडळाची पसंती लागे. पन्नास वर्षांची मुदत १९९१ मध्ये संपत आली, तेव्हा कायदा बदलून ती दहा वर्षांनी वाढवण्यात आली. २००१ अखेर गाणी सुटली. मंडळाचा अंमल असताना देवव्रत विश्वास नावाचा घनगंभीर गळ्याचा गायक वाद्यमेळ फार, ढंग वेगळा, अशा आक्षेपांना कंटाळला आणि त्यानं रवींद्रसंगीत मुद्रित करणंच थांबवलं. आपल्या आत्मचरित्राला त्यानं 'ब्रात्यजनेर रुद्धसंगीत' असं नाव दिलं. त्याच्या तबकड्या बंगाली घरांतून आजही वाजतात. मंडळाच्या सभासदांपैकी कोणाला कोणी गुणगुणल्याचं कळलेलं नाही.

एवढं म्हटलं म्हणून समोरच्या विंगेतल्या ट्रिब्यूटवाल्यांनी टाळ्या वाजवू नयेत. त्यांचं प्रकरण वेगळंच आहे. "आजच्या पिढीपर्यंत पोहोचवायचंय," हे त्यांचं ब्रीद. गिटार, कीबोर्ड, कहोन, निळा प्रकाश, धूर. पदात नायिका शोकानं कोसळलेली आणि खाली प्रेक्षक मोबाइलचे दिवे हलवताहेत. गायकानं पद फोनवर गाडीत बसून पाठ केलेलं, त्यामुळे शब्द भलत्याच ठिकाणी तुटतो आणि अर्धा शब्द घेऊन तान सुटते. यशवंत देव जन्मभर शब्दप्रधान गायकी सांगत राहिले. इथे शब्द आहे तो गिटारवाल्याला श्वास घ्यायला मिळावा एवढ्यापुरता. कीबोर्डवाला रागाखाली असे कॉर्ड ठेवतो, की मारव्याला आपण यमन आहोत की काय अशी शंका यावी. विचारलं तर म्हणतात, "आमचं इंटरप्रिटेशन आहे." अहो, पण कशाचं?

अभिषेकींनी बदललं ते जगन्नाथबुवा पुरोहितांकडे, अझमत हुसेन खाँसाहेबांकडे तालीम घेऊन. काय मोडतोय हे त्यांना हातातल्या जिनसेसारखं ठाऊक होतं. ही मंडळी मोडतात ती वस्तू पाहण्याआधीच. तरीही मी यांना बंदी घालणार नाही. वाईट प्रयोग आपोआप मरतात. वाईट नियम पेन्शन घेतात.

मात्र जुन्या नाटकवाल्यांचा तो बारीक टाइप परत आणायला हवा. त्यांनी उसनं घेतलं ते पदाच्या डोक्यावर कबूल केलं. आजच्या पोस्टरवर गायकाचा फोटो चार फुटी, प्रायोजक सराफाचा दोन फुटी आणि संगीतकाराचं नाव नसतंच, किंवा असतं ते 'पारंपरिक' असं. तेव्हा यापुढे पोस्टरच्या तळाशी दोनच ओळी सक्तीच्या कराव्यात. चाल : गोविंदराव टेंबे. बिघाड : आमचा.