सोर्सवाले काका

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी बातमी टाकली की अर्ध्या मिनिटात खाली एकच शब्द उमटतो : 'सोर्स?' काकांचं खरं नाव आता फक्त लाइटबिलावर उरलं आहे.

काका बातमी वाचत नाहीत, बातमीदार वाचतात. आधी त्याचं आडनाव, मग जुनं ट्विट, मग कुठल्या पुढाऱ्याबरोबरचा फोटो. फोटोत पुढारी नसला तर, "बघा, किती शिताफीनं कापलाय!" आपल्याला पटेल ते लिहिणारा निर्भीड, न पटेल ते लिहिणारा विकला गेलेला, हा निकष. एकच पत्रकार सकाळी निर्भीड असतो आणि दिवेलागणीला विकला जातो. मधल्या वेळात सौदा कुणी केला, ते काकांनाच ठाऊक.

अभ्यास मात्र दांडगा. 'न्यूयॉर्क टाइम्स'चा जेसन ब्लेअर २००३ साली, 'डेर श्पीगल'चा क्लास रेलोटिउस २०१८ साली मनच्या गोष्टी छापल्याबद्दल उघडा पडला, हे तोंडपाठ. 'डेली मेल' संदर्भाला सहसा घेऊ नये, असं इंग्रजी विकिपीडियानं २०१७ साली ठरवलं, हेही. एवढं सुनावून झालं की लगेच हळदीनं गुडघे कायमचे बरे होतात हा निनावी मेसेज पुढे ढकलतात. सोर्स विचारला तर म्हणतात, "अहो, सगळीकडे फिरतोय की!"

परवा त्यांनी लिहिलं, 'पत्रकार होते ते टिळक-आगरकर! ऐकीव माहितीवर एक ओळ छापली नाही.' तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी कळवलं, 'कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात हाती आलेली पत्रं बनावट निघाली, आणि १८८२ साली त्याच दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले.'

काका बराच वेळ टाइप करत होते. शेवटी आलं : 'सोर्स?'

'आगरकरांनी स्वतः त्यावर पुस्तक लिहिलंय.'

'स्वतःबद्दल स्वतःच लिहिलेलं ग्राह्य धरत नाहीत, मास्तर.'

मास्तरांनी हात जोडलेली खूण टाकली, ती काकांनी विजयपत्र म्हणून स्वीकारली.

बुधवारी कुणीतरी बातमी टाकली, की उद्या दिवसभर पाणी बंद. खाली बातमीदाराचं नाव होतं, आणि तिथंच घात झाला. काकांनी त्याचा निवडणुकीच्या वेळचा लेख शोधून काढला. दुसऱ्या मजल्यानं त्याची बाजू घेतली, चौथ्यानं त्याचा पगार काढला. मध्यरात्रीपर्यंत तो कुणाचा माणूस यावर दोन तट पडले. पालिकेला फोन करावा, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. काकूंनी तेवढं वॉचमनला विचारलं आणि पिंप, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवला.

गुरुवारी सकाळी नळानं नुसती हवा सोडली. काका काकूंच्या बादलीतून दोन तांबे अंगावर घेऊन टॉवेलवरच गॅलरीत आले. खाली रिकाम्या हंड्यांनिशी उभ्या असलेल्या दोन्ही तटांना त्यांनी वरूनच सुनावलं, "बातमी खरी निघाली म्हणून माणूस विश्वासार्ह ठरत नाही!"

"तुम्ही आधी कुकरला हात लावू नका," आतून काकू म्हणाल्या, "त्यातलं पाणी भाताचं आहे."