डिग्रीकाका

जुनी पद्मिनी बाळगणाऱ्यांत दोन जाती. एक, रविवारी फडकं घेऊन क्रोम घासणारे; हे निरुपद्रवी. दुसरे डिग्रीकाका. यांच्या गाडीवर क्रोम शिल्लक नसतं आणि बॉनेट सहसा मिटत नाही.

काका बहुधा पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या टूलरूममधून निवृत्त झालेले असतात. प्रीमियरचा कुर्ल्याचा कारखाना कधीच बंद पडला, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली, लोक हळहळले. काकांना सोयरसुतक नाही. त्यांना 1089 सीसीच्या त्या इंजिनाचा इनटेक व्हॉल्व्ह नेमका कितव्या अंशावर उघडतो, एवढंच हवंय.

स्प्रॉकेटवरच्या खुणा जुळवल्या की काम झालं, असं नाक्यावरचा मेकॅनिक म्हणतो. त्याच्या गाड्या धावतातही. "धावतात हो, पण कशा?" काकांचा सवाल. चेन ताणली की कॅमशाफ्ट मागे पडतो, खुणा मात्र साळसूदपणे समोरासमोर उभ्या! शिवाय क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक. म्हणजे कॅमची एका अंशाची चूक क्रँकवर दोन अंश दिसते. काकांना ती चार वाटते.

मग रेडिएटर उतरतो. क्रँकच्या टोकाला 360 अंश आखलेली चकती चढते. ती मुळात चकलीच्या डब्याचं झाकण. घरात त्याची चौकशी अजून चालू आहे. काटा म्हणून हँगरची तार. पिस्टन माथ्यावर पोचला की क्षणभर रेंगाळतो, त्यामुळे नजरेवर भरवसा नाही. प्लगच्या भोकात अडसर बसवायचा, इंजिन दोन्ही बाजूंनी अडेपर्यंत फिरवायचं, दोन आकड्यांचा मध्य काढायचा. तो खरा टीडीसी, म्हणजे पिस्टनचा नेमका माथा. त्यानंतर पुशरॉडवर डायल गेज, हातात पाना, आणि श्वास रोखलेला.

नेमके तेव्हाच सोसायटीचे सेक्रेटरी येतात. "काय काका, स्टार्ट होत नाही वाटतं?"

काका दचकतात, पाना अंशभर पुढे सरकतो. तेवढाच मागे आणून भागत नाही, चेनचा ढिलेपणा आडवा येतो. चांगला पाव फेरा मागे जाऊन पुन्हा सरळ दिशेनं यायचं. हे सगळं सेक्रेटरींना टॉर्च धरून ऐकावं लागतं. मेंटेनन्सच्या थकबाकीचा विषय त्या महिन्यापुरता मिटतो. (यात काकांचा काही डाव असेल, असं मला वाटत नाही. खात्री मात्र नाही.)

अंधार पडता पडता वहीत शेवटचा आकडा उतरतो. मॅन्युअलशी ताडून पाहिला, तर तंतोतंत! दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. काका मात्र चष्मा पुसतात, आकडा पुन्हा वाचतात, कपाळाला आठी घालतात.

"इतकं बरोबर येणं शक्यच नाही," ते म्हणतात. दुसऱ्या दिवशी डायल गेज कॅलिब्रेशनला जातं.