ज्याला गाडीतलं कळतं

आदिलाबाद जिल्ह्यात पहिली मोटार घेणारा माणूस ती बघायला एकटा जात नाही. कापूस विकून पैसे हातात आले, लर्निंग लायसन्स निघालं, नवी गाडी परवडत नाही आणि सेकंड हँड घ्यायची हे घरात ठरलं, की स्वयंपाकघरातून सूचना येते: "भाऊजींना सोबत न्या, त्यांना गाडीतलं कळतं." हे भाऊजी जैनथ, बेला, तामसी, भीमपूर अशा पैनगंगेच्या अलीकडच्या कुठल्याही मराठी गावात सापडतात. त्यांच्याकडे स्वतःची मोटार असतेच असं नाही, बहुधा नसते. पण गावात आलेली प्रत्येक मोटार त्यांनी नजरेखालून घातलेली असते आणि प्रत्येकीबद्दल त्यांचं मत वाईट असतं. वाईट मत देण्यात धोका कमी, हे त्यांना फार पूर्वीच उमगलेलं आहे. घेऊ नका म्हटल्यावर घेतली आणि बिघडली, तर "मी म्हणालोच होतो". चांगली निघाली, तर "शेवटी पाहून कोणी दिली?"

त्यांची तपासणी बघण्यासारखी असते. आल्या आल्या ते गाडीजवळ जात नाहीत. आधी चहा, मग हात पाठीमागे बांधून दुरून एक प्रदक्षिणा. मग समोरच्या टायरला चपलेनं एक लाथ. ही लाथ नेमकं काय सांगते ते आजवर कोणाला कळलेलं नाही, पण ती मारल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. मग बॉनेट उघडायचं, ऑइलची पट्टी ओढायची, तेल चिमटीत चोळून वास घ्यायचा आणि "हूं" म्हणायचं. त्या "हूं"वर विकणाऱ्याचा चेहरा उतरतो. मग "स्टार्टर मारा", "रेस द्या", सायलेन्सरपाशी तळहात, डोळे मिटलेले, आणि निकाल: "आवाज येतोय." आवाज तर येणारच, इंजिन चालू आहे. पण कुठला, कशाचा, दुरुस्तीला किती लागतील, हे विचारण्याची हिंमत पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यात नसते. भाऊजींचा दरारा त्या न विचारलेल्या प्रश्नावर उभा आहे.

ही पद्धत मूर्खपणाची आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ती बैलबाजारातून आली आहे, आणि तिथे ती खरी ठरत आलेली आहे. दात पाहून वय कळतं, दोन दाती, चार दाती की जुळलेला. चालवून पाहिलं की लंगडणं कळतं. भोवरा, खूर, डोळा, सगळं समोर उभं असतं. बैलाला कागद नसतो, त्यामुळे जी काय साक्ष आहे ती त्याच्या अंगावरच. मोटारीचं दुखणं अंगावर दिसत नाही. टचअप मारता येतो, मीटर मागे फिरवता येतं, सीटला नवं कव्हर घालता येतं आणि डॅशबोर्डवर गणपती बसवता येतो. मोटारीचे खरे दात कोपऱ्याकापऱ्यातल्या बारीक अक्षरांत आणि आरसीवर असतात, आणि भाऊजी चष्मा घरी ठेवून आलेले असतात.

यावर भाऊजी म्हणतील की नंबर प्लेट आम्ही वाचतोच. खरं आहे, आणि इथल्या माणसाला ती वाचणं सोपंही आहे. एपी 01 म्हणजे तेलंगण होण्याआधीची, जून 2014 पूर्वीची. टीएस 01 म्हणजे त्यानंतर मार्च 2024 पर्यंतची. टीजी 01 म्हणजे अलीकडची. खाजगी मोटारीची नोंदणी पहिल्या खेपेला 15 वर्षं चालते, मग तपासणी करून पाच पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. म्हणजे एपी 01 वाली गाडी 2029 पर्यंत कधीही त्या उंबरठ्यावर येणार, एवढं प्लेटवरून समजतं. पण बारा वर्षांची गाडी महाराष्ट्रातून आणून इथे नव्यानं नोंदवली तरी तिला टीजीचाच कोरा नंबर मिळतो. प्लेट दुधाच्या दातांची, गाडी जुळलेली! उत्पादनाचा महिना आणि वर्ष आरसीवर छापलेलं असतं, पण तिथपर्यंत वाचायला कोण थांबतो?

अंगावरच्या ज्या खुणा खऱ्या बोलतात त्या पाहायला गुडघे टेकावे लागतात. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. मीटरवर अठ्ठावीस हजार किलोमीटर दिसताहेत आणि चारही टायर गाडीपेक्षा चार वर्षांनी लहान आहेत, तर आधीचे टायर कुठल्या अठ्ठावीस हजारांत गोटा झाले? काचांच्या कोपऱ्यातही खुणा असतात. सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच दुसऱ्या सालची असली, तर तिची कहाणी विचारावी. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की टोकाशी चिकटलेला गाळ सापडू शकतो. डिक्कीतली स्टेपनी उचलली की खालीही. ऑक्टोबर 2020 मध्ये हैदराबादेत पूर आला तेव्हा गाड्या रस्त्यावरून वाहत गेल्या होत्या. असल्या बुडालेल्या गाड्या भंगारातच गेल्या असतील असं मानायला फार भाबडं असावं लागतं. भाऊजी डिक्की उघडतात ती सामान किती मावेल हे बघायला.

इंजिनाबाबतही तेच. धुराचा रंग ते बघतात ते योग्यच: निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण भाऊजी चहापाणी आटोपून अकराला पोचतात, आणि विकणाऱ्यानं गाडी नऊलाच गरम करून ठेवलेली असते. थंड इंजिन पहिल्या स्टार्टरला जे कबूल करतं ते गरम झाल्यावर करत नाही. तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागलं तर संध्याकाळी परत यावं. भाऊजी बॉनेटवर हात ठेवत नाहीत, थाप मारतात.

आणि मग कागद. इथे जिल्ह्याची जागाच भुलवणारी आहे. नागपूर, यवतमाळ, चंद्रपूर हाताशी, पैनगंगा ओलांडली की एमएच पासिंगची गाडी, आणि तीही स्वस्त. पाहुण्यातलीच असते, नाव बदलायची घाई कोणालाच नसते. "कागदांचं होत राहील," हे भाऊजींचं ठरलेलं वाक्य. मोटार वाहन कायदा मात्र म्हणतो की दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथे नोंदवली पाहिजे, म्हणजे आधीच्या आरटीओची एनओसी आणि इथला टॅक्स आला. स्वस्ताई इथेच संपते की उरते, याचा हिशेब गाडी घेण्याआधी करायचा असतो. गाडीवर फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरल्याची नोंद लागते. विमा नावावर करायला 14 दिवस. तो तसाच राहिला तर समोरच्याची भरपाई होईल, आपल्या चेपलेल्या दाराची कंपनी देईलच असं नाही. आणि विकणाऱ्यालाही घाई का असावी, तर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केलं की गाडी किती का हातांतून जाईना, अपघाताच्या भरपाईला आरसीवर नाव असलेला माणूसच मालक. ही एक गोष्ट समजावून सांगितली तर विकणारा स्वतःच आपल्याला आरटीओत ओढत नेईल.

भाऊजींवर माझा खरा आक्षेप मात्र वेगळाच आहे. ते गाडी स्वतःसाठी पाहतात. त्यांना पिकअप पाहिजे, महबूब घाट तिसऱ्या गेअरवर चढला पाहिजे, दार लावलं की "धप्प" झालं पाहिजे, कारण "लोखंड जड आहे". शिकाऊ माणसाला घाट अजून चढायचाच नाही. त्याला घरून मंडलापर्यंत आणि मंडलापासून बाजारापर्यंत जायचंय. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून, दिवाळीनंतर दिवे नसलेल्या कापसाच्या ट्रॅक्टरमागून, आणि कधीमधी धीर करून 44 नंबरच्या हायवेवर ट्रकांच्या रांगेत. त्याचा क्लच हलका हवा, बसल्यावर बॉनेटचं टोक दिसावं, बंपर स्वस्त असावा (तो जाणार आहे), आणि सुटा भाग आदिलाबादेतच मिळावा. जड दारापेक्षा ब्रेक लावल्यावर चाकं न लॉक होणं त्याच्या जास्त कामाचं. एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, त्याच जुलैपासून चालकाची एअरबॅग, आणि 2021 संपता संपता शेजारच्या सीटचीही. तेवढ्याच पैशात 2015 सालची मोठी डिझेल गाडी आणि 2020 सालची छोटी पेट्रोल गाडी समोर असतील, तर भाऊजी मोठीकडे जातील. तिला गावात मान आहे. शिकाऊनं छोटीकडे जावं.

मग भाऊजींना घरी ठेवून मेकॅनिक न्यावा, असं कोणीही म्हणेल. न्यावाच, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावून तो पाच मिनिटांत जे सांगेल ते चिमटीतल्या तेलावरून कळणार नाही. फक्त तो विकणाऱ्याचा नेहमीचा मेकॅनिक नसावा, आणि त्याची मजुरी आपण द्यावी. शहरातल्या तपासून विकणाऱ्या कंपन्यांकडून घ्यावी असंही कोणी सुचवेल. पण तिथे तपासणाराही तोच आणि विकणाराही तोच, आणि इथला माणूस गाडी ओळखीतूनच घेतो. राहता राहिले भाऊजी. त्यांना न नेणं शक्य नाही. पुढच्या लग्नात बसायचं कुठे? शिवाय एका कामात त्यांना तोड नाही, ते म्हणजे भाव. पूर्वी रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायचा. ती कला त्यांच्या जिभेत उतरली आहे. बोली हिंदीत लावतील, नकार तेलुगूत देतील, आणि तुमच्या कानाशी येऊन मराठीत सांगतील की अजून दहा उतरतील, तोंडावर खूश दिसू नका. तेव्हा त्यांना सोबत न्यावं आणि विकणाऱ्याशी बोलायला बसवावं. ते लाथ मारतील, "हूं" म्हणतील, आवाज येतोय सांगतील. विकणारा आवाज येत नाही हे पटवत राहील. त्या अर्ध्या तासात तुम्ही टायरचे आकडे, काचांचे कोपरे, स्टेपनीखालची जमीन आणि आरसीची दोन्ही अंगं मोबाइलमध्ये टिपून घ्या. निघताना भाऊजी पाच-दहा हजार कमी करून आणतील, आणि रस्ताभर सांगतील की एवढी चांगली गाडी त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती, तरी घेऊ नका.