आत्याचा दसरा

दिंद्रुडला आमच्या आत्याकडं नवरात्राच्या तोंडावर जाऊ नये. गेलाच तर चहा मागू नये. चहा म्हटलं की साखरेचा डबा शोधणं आलं, आणि त्या आठवड्यात तिच्या सैपाकघरातली एकही वस्तू काल होती तिथं आज नसते.

आमच्याकडं याला ‘दसरा काढणं’ म्हणतात. घटस्थापनेआधी वाकळा-गोधड्या धुवायच्या, भांडी घासायची, जळमटं काढायची, भिंती पांढऱ्या करायच्या. बाकीच्या बाया दसरा काढतात आणि मोकळ्या होतात. आत्या सैपाकघर नवं करते. खर्च पाचशे रुपये. मी शाळेत असल्यापासून हाच आकडा ऐकतोय. तेलाचे, सोन्याचे, ऊसतोडीच्या उचलीचेसुद्धा आकडे वाढले, आत्याचे पाचशे हललेले नाहीत. मामांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, मत असं की ती रक्कम नाहीच, ती मंजुरी घ्यायची रीत आहे. शेवटी किती गेले हे विचारायची त्यांची छाती होत नाही.

चुन्यावर तिचा फार जीव. कळीचा चुना आदल्या दिवशी पत्र्याच्या टिपाडात पाण्यात टाकायचा. तो खदखदतो, वाफा सोडतो, तोवर पोरासोरांना अंगणात यायला बंदी. निवला की गाळून त्यात चिमूटभर नीळ, मूठभर मीठ आणि डिंकाचं पाणी. नीळ पिवळेपणा मारायला. मीठ न् डिंक पाहुण्यांची पाठ पांढरी होऊ नये म्हणून. ओला चुना भिंतीवर पाण्यासारखाच दिसतो. दरवर्षी मी दारात उभा राहून म्हणतो, “आत्या, कायच चढलं नाही की.” दरवर्षी ती कुंचा न थांबवता म्हणते, “काय बघायलास? वाळू दे.” दुपारी भिंत दुधासारखी. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत चुन्याचा पुन्हा दगड होतो, हे शास्त्र मी तिला एकदा समजावलं. “व्हय का?” ती म्हणाली. “मग पुढच्या साली त्यालाच सांग की, पोपडे धरू नको म्हणून.”

या सैपाकघरात भूगोल बराच आहे. घर मूळचं मातीचं, वर माळवद, भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा. मग शहाबादी फरशी आली. शहाबाद आज कर्नाटकात असलं तरी 1956 पर्यंत दिंद्रुडसारखंच हैदराबाद राज्यात होतं, त्यामुळं आत्याच्या सासूबाई त्या फरशीला माहेरचीच समजत. पुढं ओटा झाला तो कडप्प्याचा, आंध्राचा. आणि परवाच्या साली गॅसमागच्या भिंतीवर इटली आली.

म्हणजे चिकटवायचा कागद. गुंडाळी सोडायची, मागचा पापुद्रा सोलायचा, झालं संगमरवर. तेल उडालं तर फडक्यानं पुसायचं. विकणाऱ्यानं सगळं सांगितलं, एवढंच सांगितलं नाही की ताज्या चुन्यावर हा कागद भिंतीला धरत नाही, चुन्याच्या भुकटीला धरतो. तिसऱ्या दिवशी पिठल्याला फोडणी बसली, वाफ वर गेली आणि अख्खी इटली डोक्याकडून सुटत सुटत पिठाच्या परातीत येऊन निजली. मामा जेवत होते. त्यांनी ताट उचलून फक्त बाजूला घेतलं. इतक्या वर्षांच्या संसारात माणूस एवढं शिकतोच.

दुसरी कुणी असती तर रडली असती. आत्यानं परात झटकली, पंधरा किलोचे तेलाचे रिकामे डबे सोड्याच्या गरम पाण्यानं घासले, वाळवले आणि तोच कागद कापून त्यांना लावला. पत्र्याला तो असा चिकटला की आता निघत नाही. ज्वारीचं पीठ, तूरडाळ, शेंगदाणे सगळे इटालियन संगमरवरात राहतात. मला विचाराल तर त्या घरातलं सगळ्यात देखणं काम तेच, आणि ते फजितीतून झालंय.

एवढं होऊन पैसे उरले तर मांडणीला रंग. नाही उरले तर जागा बदलायच्या, त्याला काही पडत नाही. फडताळातलं मांडणीवर, मांडणीवरचं दिवळीत, मिठाच्या जागी साखर. पहिल्या दिवशी मामांनी खारट चहा निमूट संपवला. का म्हणून विचारलं तर म्हणाले, “मला वाटलं, यंदा असाच आहे.”

फक्त उखळाला ती हात लावू देत नाही. फरशी बसवताना गवंडी म्हणाला, हे काढा, मिक्सर असताना कशाला मधीच भोक? आत्या म्हणाली, “मपलं सैपाकघर हाय का तुपलं?” गवंड्यानं चार फरश्या गोल कापल्या, त्याची मजुरी वेगळी घेतली, आणि तेवढी तिनं घासाघीस न करता दिली. दर दसऱ्याला उखळाच्या काठाला गेरूचा पट्टा ओढला जातो. त्यात सासूबाई चटणी कुटायच्या. आता मांजर झोपतं.

यंदाची मंजुरी झाली आहे, पाचशेची. तुमच्याकडं तेलाचे रिकामे डबे असतील तर भंगारात घालू नका. झाकणासकट हवेत, असा तिचा निरोप आहे.