टाकी रिकामी करून गेलेल्या पुणेकर व्याहीबुवांस

रा. रा. व्याहीबुवा यांसी,
गारखेडा परिसर, छत्रपती संभाजीनगर येथून सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपण सुखरूप कोथरूडला पोचलात आणि आमच्या शहराविषयीची आपली मतं आपल्यामागोमाग इकडे परत आली. आपल्या सूनबाईंनी, म्हणजे आमच्या लेकीने, ती एक शब्द न गाळता सांगितली. एवढ्याशा मुक्कामात इतका सखोल अभ्यास कोणी केल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

बारीकसारीक मुद्दे आधी उरकतो. चहा फार गोड होता: मान्य, पाहुण्याच्या कपात साखर मोजायची आमच्याकडे रीत नाही. सूतगिरणी चौकात सगळे एकदम घुसतात: खरं आहे. बीबी का मकबरा म्हणजे ताजमहालाची स्वस्त आवृत्ती: हे वाक्य प्रत्येक पाहुणा आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्यासारखं बोलतो, चालायचंच. आमच्या बोलण्याला आपण हसलात, तेव्हा आम्हीही हसलो. कशाला, ते आपल्या लक्षात आलं नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘त्या लोकांना पाण्याचं नियोजनच जमत नाही. आणि त्यांना सवयच झालीय त्याची.’

व्याहीबुवा, हे वाक्य बोलायच्या आधी आपण आमच्या अंगणात, आमच्या टाकीला पाइप लावून, आपली गाडी धुतली होती. प्रवासाची धूळ आपल्याला बघवली नाही. मी भाजी घेऊन परतलो तर पाणी फाटकाखालून रस्त्यावर चाललं होतं आणि समोरच्या काकू कंपाउंडला धरून उभ्या होत्या, मयताला येतात तशा गप्प. आपण टपावरचा फेस उतरवत म्हणालात, ‘प्रेशर छान आहे हो तुमच्याकडे!’ दुपारी टाकी संपली. पाण्याचा वार अजून लांब होता. टँकर मागवला, तेव्हा भाव ऐकून ‘एवढे?’ असं विचारणारेही आपणच.

नियोजन म्हणता? आमच्या भागात घर बांधायला काढलं की आधी हौदाची जागा ठरते, मग देवघराची. भाड्याची खोली बघायला आलेला माणूस पंखा-खिडक्या नंतर बघतो, आधी विचारतो, ‘नळाला कितव्या दिवशी?’ उत्तर कधी पाचव्या येतं, कधी आठव्या. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या लाइनमनचा नंबर डॉक्टरच्या नंबराच्या वर असतो. प्यायचं वेगळं, वापरायचं वेगळं, बोअरचं वेगळं, जारचं वेगळं. कपड्यांचं पाणी संडासाला, भाजीचं कुंड्यांना. रात्री दोनला पाणी सुटलं तर आमची ही दोनला उठते, मोटर लावते, पहाटेपर्यंत भांडी भरते आणि सकाळी आपल्याला पोहे करून घालते. यापेक्षा जास्त नियोजन पुण्यात कोण करत असेल, तर मला त्याचा पत्ता द्या.

आणि दुष्काळाची कथा सांगू नका. पैठणचा नाथसागर इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे, शंभर टीएमसीहून मोठा. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये धरणाची पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. चांगल्या पावसाळ्यात धरण भरतं, दरवाजे उघडतात, लोक फोटो काढायला जातात. त्या दिवशीही आमचा नळ कोरडा असतो. कारण वर्षानुवर्षं शहराची तहान ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या दोन म्हाताऱ्या वाहिन्यांवर चालली. समांतर वाहिनीची ७९२ कोटींची योजना आली, तिचा करार २०१६ मध्ये रद्द झाला. डिसेंबर २०२० मध्ये १६८० कोटींच्या योजनेचं भूमिपूजन झालं, आकडा पुढे २७४० कोटींवर गेला. २५०० मिलिमीटरची नवी वाहिनी. पाइपात माणूस उभा राहील एवढी मोठी. माणूसच उभा राहत होता बराच काळ, पाणी नव्हतं.

चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने इथे नहर काढली. वीज नाही, पंप नाही, नुसता जमिनीचा उतार ओळखून गावात पाणी खेळवलं. आणि आम्हाला नियोजन जमत नाही!

खरं तर आपली वेळ चुकली. फेब्रुवारी २०२३ मध्ये यायचं होतं, जी-२० च्या महिला प्रतिनिधींची बैठक इथे भरली तेव्हा. भिंती रंगल्या होत्या, रात्री कारंजी उडत होती. कारंजी! आमच्या गल्लीत रांगेने हंडे, आणि चौकात पाणी हवेत.

मग ती ‘सवय’. व्याहीबुवा, इथे उपरोध बाजूला ठेवतो. गुडघे धरलेली साठीची बाई रात्री दोनला जिना चढते, त्याला सवय म्हणत नाहीत. तिला झोप हवी असते. या शहरात कोणालाही सवय झालेली नाही. सवय झाली असं समजून निवांत बसलेले मात्र बरेच आहेत, आणि आपलं ते वाक्य त्यांना फार आवडेल.

राग येऊ देऊ नका. टाकी संपली त्या रात्री तांब्याभर पाण्यात हातपाय धुताना आपणच सांगितलंत, १९६१ चा पानशेतचा पूर ओसरल्यावर पेठेत नळ नव्हते, आणि आई वाड्यातल्या आडावर रांगेत उभी राहायची. लहान होतात. आवाज बदलला होता आपला. म्हणजे आपल्याला हे सगळं ठाऊक आहे. रोज नळ आला की माणसाला विसरणं परवडतं, एवढंच. आणि आपला मुलगा वाघोलीच्या त्या नव्या इमारतीत टँकरच्या वर्गणीवर आंघोळ करतो, हे तिथे कोणाला सांगत नाही. त्यालाही सवयच झाली म्हणायची का?

पुढल्या खेपेला अवश्य या. गाडी धुळीसकट आणा, तिची इथे कोणाला लाज वाटत नाही. आणि नियोजनावरचं व्याख्यान जरूर द्या, फक्त १६८० चे २७४० ज्यांच्या टेबलांवर झाले त्यांच्यापुढे. आपलं पुणेरी मराठी तिथे कामी येईल. आमच्यावर वाया गेलं.

आपला,
सूनबाईंचे वडील

ता. क. टँकरचे पैसे व्याह्याकडे मागायची रीत नाही. म्हणून तर पत्र खुलं लिहिलं.