अधिकृत इमारत, अनधिकृत स्क्रीन

उल्हासनगरचं नाव काढलं की उरलेला महाराष्ट्र डोळे मिचकावतो. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद आम्ही अंबरनाथ-बदलापूरकर पाहुण्यांना चहाबरोबर देतो आणि चहा संपला की त्याच पाहुण्यांना घेऊन गजानन मार्केटात जातो. पण नकली मालाची ही बदनामी अगदीच किरकोळ. या शहराचा खरा गुन्हा वेगळा आहे. इथले लोक बिघडलेली वस्तू उघडतात.

सभ्य ग्राहकाने काय करायचं असतं? वस्तू बंद पडली की हळहळायचं, सर्व्हिस सेंटरच्या एसीत टोकन घेऊन बसायचं, ‘सर, बोर्डच बदलावा लागेल’ हे ऐकायचं, ‘एवढ्यात थोडे घातले तर नवाच येईल’ हे स्वतःच्याच तोंडाने म्हणायचं आणि हप्ते सुरू करायचे. यालाच अर्थव्यवस्था म्हणतात. आणि कॅम्प तीनमधल्या बोळातल्या गाळ्यात बसलेला कारागीर काय करतो? डोळ्याला भिंग लावतो, हीट गनने आयसी उचलतो, एक जंपर टाकतो आणि म्हणतो, ‘काका, तोवर चहा पिऊन या.’ चहा होईपर्यंत देशाची एक विक्री बुडालेली असते.

ही खोड जन्मजात आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथे आले, ते लष्कराने रिकाम्या केलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत. या बराकी दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी होत्या. त्यांत संसार थाटण्याची सोय मूळ आराखड्यात नव्हती. लोकांनी आडोसे घातले, चुली मांडल्या, पुढे दुकानं काढली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. मूळ उत्पादकाला न विचारता केलेला एवढा मोठा फेरफार! आजचा नियम लावला, तर सबंध शहराची वॉरंटी रद्द.

अर्थात माफी मिळवण्यातही हे शहर तरबेज. इथल्या अनधिकृत बांधकामांवर न्यायालयाचा हातोडा पडायला लागला, तेव्हा ती नियमित करण्यासाठी खास उल्हासनगरपुरता २००६ चा कायदा झाला. अटींत बसा, शुल्क भरा, इमारत अधिकृत. म्हणजे अख्खी पाच मजली इमारत सरकार पोटात घालू शकतं. पण फोनची फुटलेली स्क्रीन गाळ्यात बदलून घ्या, आणि काही कंपन्यांचा फोन तुम्हालाच दम देतो की हा डिस्प्ले अस्सल असल्याची खात्री पटत नाही. तो डिस्प्ले त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या सेटमधून काढलेला, शंभर नंबरी असला तरी कित्येक मॉडेलांत हीच रड. भागाचा क्रमांक आणि बोर्डाचा क्रमांक यांची गाठ कारखान्यातच मारलेली असते. दुसरा घरोबा मान्य नाही. या गुन्ह्याला दंड भरून सुटण्याची सोय कोणत्याही विधिमंडळाने केलेली नाही.

पुढच्या स्टेशनावर, अंबरनाथला, शके ९८२ चं म्हणजे इ.स. १०६० चं शिवमंदिर आहे. शिलाहारांनी वॉरंटी कार्ड दिलं नव्हतं, म्हणूनच बहुधा ते टिकलं. आज ते केंद्र संरक्षित स्मारक आहे. पुरातत्त्व खात्याला न विचारता तिथे कुणी छिन्नी लावायची नाही, आणि ते रास्तच आहे. आनंदाची बातमी अशी की हाच दर्जा आता आपल्या खिशातल्या फोनलाही मिळाला आहे. मंदिराला हे संरक्षण शतकानुशतकं उभं राहून दाखवल्यावर मिळालं. फोनला खोक्यातून बाहेर येतानाच मिळतं.

कंपन्यांचं म्हणणं, हे सारं तुमच्या सुरक्षिततेसाठी आहे. स्वस्त बॅटरी फुगते, पेट घेते. खरं आहे. मग अस्सल बॅटरी त्या गाळेवाल्याला विकत का देत नाही, असं विचारलं की सुरक्षिततेला ठसका लागतो. हाच युक्तिवाद मोटार कंपन्यांनी करून पाहिला होता. शमशेर कटारिया नावाच्या ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि बिघाड शोधायची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, म्हणजे गाडी घेतलेल्या माणसाला कोंडीत धरतात, हा ठपका. पुढे अपिलं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. गाडी दुरुस्तीला टाकली की तारखा पडतात, दंड वसुलीला टाकला तरी पडतात. समानता ती हीच.

उल्हासनगरच्या दुकानदाराचं एक बरं असतं. तो खोटा माल खरं बोलून विकतो. ‘साहेब, फर्स्ट कॉपी आहे. चला तो चाँद तक, नहीं तो शाम तक.’ गॅरंटी नाही, हे पैसे घेण्याआधी सांगतो. आणि एकदा घेतली की ती वस्तू सर्वस्वी तुमची. उघडा, जोडा, पोराला खेळायला द्या, दुकानदाराच्या बापाचं काही जात नाही. अस्सल माल मात्र आपण पागडीवर घेतो. रक्कम मालकी हक्काची मोजायची, पण खिळा ठोकायचा तर घरमालकाची चिठ्ठी आणायची. पागडीत निदान जागा सोडताना भाडेकरूच्या हाती काहीतरी घसघशीत लागतं. इथे एक्सचेंज ऑफरमध्ये ‘सर, कंडिशन बघून पाचशे’.

बदलापूरच्या नव्या टॉवरांमध्ये ही पागडी घरोघरी पोचली आहे. प्रिंटरमध्ये शाई हलते आहे, पण बाहेरून भरलेल्या कार्ट्रिजची चिप म्हणते, संपली. पाण्याच्या मशीनचा फिल्टर कोपऱ्यावरच्या पोराने बदलला, पाणी नितळ आहे, पण काउंटर शून्यावर आणायची खूण कंपनीच्या माणसालाच ठाऊक. तो येईपर्यंत मशीन लाल डोळे वटारून उभं. बारवी धरणाच्या शेजारी राहून माणूस तहानेने व्याकूळ, आणि तेही स्वतःच्या मालकीच्या मशीनसमोर!

या शास्त्रात पोलंड आपल्या पुढे आहे. तिथे नेवाग कंपनीच्या रेल्वेगाड्या दुसऱ्याच वर्कशॉपने दुरुस्त केल्या आणि त्या जागच्या हलेनात. ‘ड्रॅगन सेक्टर’ नावाच्या हॅकर मंडळींनी सॉफ्टवेअर उकललं आणि २०२३ च्या डिसेंबरात जाहीर केलं की त्यात प्रतिस्पर्ध्यांच्या वर्कशॉपांचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवले आहेत; गाडी तिथे मुक्कामाला राहिली की आपोआप कुलूप. कंपनीने आरोप फेटाळले. मध्य रेल्वेला या तंत्राचा मोह पडण्याची भीती नाही. बदलापूर लोकलला कळवा-मुंब्र्याच्या मध्ये उभं राहण्यासाठी कोणतंही सॉफ्टवेअर लागत नाही.

सरकार स्वस्थ बसलंय असं कुणी म्हणू नये. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं निवडली. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झालं. त्यावर कंपन्या आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरांचे पत्ते देतात. म्हणजे ज्या दारातून आपण पळून आलो, त्याच दाराचा नकाशा. मग वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे याचे गुण ठरवण्यासाठी आणखी एक समिती बसली. मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. फ्रान्सने काही वस्तूंसाठी असे दहापैकी गुण ग्राहकाला विक्रीच्या वेळी दाखवणं जानेवारी २०२१ पासूनच सक्तीचं केलं. त्याच फ्रान्सने त्याआधी, फेब्रुवारी २०२० मध्ये, अपडेटमुळे जुने आयफोन मंदावू शकतात हे ग्राहकांना सांगितलं नाही म्हणून अ‍ॅपलकडून अडीच कोटी युरो दंड घेतला होता. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा हक्क दिला आहे. त्याची अंमलबजावणी चोख आहे. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे आपण रोज ऐकतो. आपलं कोण ऐकतं, ते कायद्यात बघावं लागेल.

तोवर गाळ्यातल्या कारागिराला पकडायचं झालं, तर आरोपपत्र असं लिहावं लागेल: याने गिऱ्हाइकाची वस्तू गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, दीडशे रुपयांत चालू केली. पंच म्हणून कोण सही करेल, हा प्रश्नच आहे. पोलीस चौकीतला चार्जरसुद्धा त्यानेच जोडून दिलेला असतो.

म्हणून कंपन्यांकडे मोठं मागणं नाही. फक्त बिलावर खरं लिहा. ‘विक्री’ लिहिणार असाल तर स्क्रू आमचा. सुटे भाग आणि कुलपाचे कोड बाजारात येऊ द्या. ते जमत नसेल तर सरळ ‘भाडं’ लिहा, जीएसटीसकट घेतलेल्या रकमेला डिपॉझिट म्हणा, आणि फोन बंद पडेल त्या दिवशी ते मुकाट्याने परत करा.