तत्पर सेवेपासून सावधान!

सरकारी यंत्रणा ढिम्म आहे असे म्हणणाऱ्यांनी एकदा ‘डिजिटल अरेस्ट’ होऊन, म्हणजे ठगांकडून व्हिडिओ कॉलवर ‘अटक’ करवून घेऊन पाहावे. पाकीट मारल्याची तक्रार द्यायला गेलात, तर ‘ही आमची हद्द नाही’ एवढे कळायलाच दुपार होते. इथे मुंबई पोलिसांचा साहेब गणवेशात व्हिडिओ कॉलवर हजर! पाठीमागे बोधचिन्ह, खांद्यावर तारे, तोंडी ‘सर’. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणे. आपण मागवलेले पार्सल कुठे अडकले ते कुरिअरवाला सांगत नाही; आपण न पाठवलेल्या पार्सलचा तपास मात्र पूर्ण!

न्यायालय तर विचारूच नका. २०२४ साली वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना घरबसल्या बनावट सर्वोच्च न्यायालय दाखवले गेले. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या नावाने सुनावणी झाली, आदेश व्हॉट्सॲपवर आला, आणि सात कोटी गेले. आजोबांच्या बांधाच्या दाव्यात ज्याला अजून तारीख मिळते आहे, त्याला तरी इतक्या झटपट न्यायाचा संशय यायला हवा.

व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद कुठल्याच कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मधून खुद्द पंतप्रधानांनी हे सांगितले. मग फोन लावला की अमिताभ बच्चन सावधगिरीचा इशारा देऊ लागले. पण तो इशारा ऐकू यायचा फोन करणाऱ्याला! म्हणजे ठगांनी तो भक्तिभावाने ऐकला आणि सावज निवांत ‘हॅलो’ म्हणाले.

या साहेबांची एक अट मात्र ठरलेली: ‘घरात कुणाला सांगायचं नाही.’ ते खरे कोणाला घाबरत असतील, तर ते शेजारच्या खोलीतल्या सुनेला. “बाबा, कुणाशी बोलताय एवढा वेळ?” या एका प्रश्नात सगळा तपास बारगळतो. तेव्हा तो प्रश्न आवर्जून विचारा, आणि सासऱ्यांनीही त्यावर डाफरू नये. पैसे ‘पडताळणीसाठी’ दुसऱ्या खात्यात टाका, असे सांगणारा चोरच. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन मागणाराही त्याचाच भाऊबंद.

तरीही पैसे गेलेच, तर लाज गुंडाळून ठेवा आणि लगेच १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनला फोन करा. रक्कम या खात्यातून त्या खात्यात पांगण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते. आणि फोन लागायला थोडा वेळ लागला, तर घाबरू नका. ते खरे सरकार आहे.